ताटातली भाकरी आणि शिवारातले पाणी

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. केंद्र सरकारने त्याच सुमारास ज्वारी, बाजरी, नाचणी यांना ‘श्रीअन्न’ ही पदवी बहाल केली. तेव्हापासून सांगलीच्या विश्रामबागेसारख्या शिकल्या-सवरल्या वस्तीत भाकरीला नवी प्रतिष्ठा लाभली आहे. साखर सोडावी, मांसाहार कमी करावा, भात आठवड्यातून दोनदाच खावा, म्हणजे पृथ्वीवरचा भार हलका होईल, असे तेथे आता आग्रहाने सांगितले जाते. हे सांगणारी माणसे प्रामाणिक आहेत, त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. आचार आणि विचार यांत अंतर नसावे, ही आपल्या चळवळीचीही जुनी शिकवण आहे. प्रश्न एवढाच, की ताट बदलल्याने शिवार बदलते काय?

विश्रामबागेपासून कोणत्याही दिशेने थोडे बाहेर पडले, की कृष्णाकाठचा ऊस लागतो. महाराष्ट्राच्या एकूण पिकाखालील क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी तो पितो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नोंदवून ठेवले आहे. एक किलो साखरेमागे २,००० लिटरांच्या वर पाणी लागते, हा हिशेबही त्याच आयोगाचा. उलट, १९८० च्या सुमारास राज्यात ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ज्वारी उभी असे. आज त्याचा तिसरा हिस्सादेखील राहिलेला नाही. लोकांना भाकरी आवडेनाशी झाली म्हणून हे घडले, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

शेतकरी ऊस लावतो तो हावेपोटी नव्हे. उसाला कायद्याने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. ते बंधन पुष्कळदा मोडले जाते आणि त्यासाठी आंदोलने करावी लागतात, हे खरे. पण आंदोलन करण्यापुरता तरी कायद्याचा आधार असतो. ज्वारीलाही किमान आधारभूत किंमत दरवर्षी जाहीर होते. मात्र त्या भावाने घेणारा कोण, हे कोणी सांगत नाही. कारखाना तोडणीला टोळी पाठवतो, पीककर्जाला पतसंस्था उभी असते. ज्वारीच्या पाठीमागे यांतले काहीही नाही. अशा स्थितीत विहिरीला पाणी असलेल्या शेतकऱ्याने ज्वारी पेरावी, असा उपदेश करणे म्हणजे त्याने आपल्या संसाराच्या खर्चाने पर्यावरण राखावे असे म्हणणे होय.

आणि साखर न खाऊन तरी काय साधणार? साखरेचा मोठा वाटा घरातल्या डब्यात जातच नाही. तो मिठाई, बिस्किटे आणि शीतपेये यांच्या कारखान्यांत जातो. शिवाय आता उसाला दुसरे गिऱ्हाईक लाभले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठल्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये सांगितले. त्यासाठी मका आणि तांदूळ यांच्याबरोबर उसाचा रस आणि मळीही लागते. चहा बिनसाखरेचा घेऊन स्कूटरला किक मारणाऱ्या गृहस्थाच्या टाकीतच तो ऊस पुन्हा येऊन बसला आहे.

जत तालुक्यात तर या विचाराची उलटी बाजू दिसते. ज्या कोरडवाहू रानात शाळूचे उत्तम दाणे पिकतात, तेथल्या गरिबाला रेशनच्या दुकानात मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद आहे. खरेदी मात्र गव्हा-तांदळाची. म्हणजे ज्वारी पिकविणारा सरकारी गहू खातो आणि त्याची ज्वारी गव्हाहून चढ्या भावाने शहरातल्या आरोग्यप्रेमी घरात जाते! व्यक्तीच्या निवडीचे स्वातंत्र्य ज्याला म्हणतात, ते येथे कोणाच्या वाट्याला आले आहे?

१९६५ मध्ये अन्नटंचाईच्या काळात लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपास करण्याचे आवाहन केले. असंख्य घरांनी ते पाळले. त्या त्यागाने देशाचे मन एक झाले, हे लहान काम नव्हे. परंतु धान्य वाढले ते उपासाने नव्हे. त्याच वर्षी स्थापन झालेले अन्न महामंडळ, कृषिमूल्य आयोग आणि पुढे आलेले गव्हाचे नवे बियाणे, यांनी ते वाढविले. शास्त्रीजींना हे कळत होते. म्हणूनच त्यांनी उपासाबरोबर संस्थाही उभ्या केल्या. आजच्या उपदेशकांनी त्यातला उपास तेवढा उचलला आहे. ही सोय कोणाला मानवते, तेही पाहावे. ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजण्याचे गणित २००४ च्या सुमारास सामान्य नागरिकांपुढे हौसेने मांडणारी एक कंपनी होती ब्रिटिश पेट्रोलियम. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला पापाचा हिशेब ठेवायला सांगावा, हा प्रकार विलक्षणच.

मांसाहाराबद्दलही एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. युरोप-अमेरिकेत गोमांसाच्या अतिसेवनावर जी टीका होते, ती तेथे रास्त आहे. आपल्याकडे ती जशीच्या तशी उचलली, की जुन्या सोवळ्याला नवे शास्त्र मिळते आणि ज्याला आठवड्यातून एकदा बोंबील मिळतात त्याला पर्यावरणाचा गुन्हेगार ठरविले जाते. पुरणपोळीने किती पाणी पिले, हे विचारायला कोणी तयार नसते.

याच सांगली जिल्ह्यात १९८० च्या दशकात या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले गेले. मुंबईच्या १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले गिरणी कामगार आणि खानापूर तालुक्यातील दुष्काळी शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. डॉ. भारत पाटणकर त्यांच्याबरोबर होते. येरळेच्या पात्रातील वाळूचा उपसा रोखून, मर्यादित वाळूच्या विक्रीतून आणि हितचिंतकांच्या मदतीने बलवडी-तांदुळवाडी येथे बळीराजा धरण उभे राहिले. धरण लहानच, पण त्याचा नियम मोठा. पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबागणिक समान द्यायचे, भूमिहीनालाही द्यायचे. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. कोणी काय खावे, यावर तेथे कोणी व्याख्यान दिले नाही. पाण्यावर हक्क कोणाचा, हे आधी ठरले आणि पीक त्यामागून आले.

राज्यपातळीवर असे काही करण्याची साधने नाहीत असेही नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांना ठिबक वा तुषार सिंचनाची अट घालण्याची तरतूद आहे, आणि उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला होता. कृष्णेचे पाणी उचलून नेणाऱ्या ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने, म्हणजे सर्व जनतेने, उचलला आहे. ज्या पाण्यासाठी सर्वांचा पैसा लागतो, त्याच्या वाटपात सर्वांचा शब्द हवा. जतच्या पूर्व भागातील वंचित गावांसाठी विस्तारित म्हैसाळ योजना आखली गेली आहे. त्या गावांत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी दोन मागण्या घेऊन जावे : पाण्याची पाळी एकरावर ठरवू नये, कुटुंबावर ठरवावी, आणि तालुक्यात पिकलेली ज्वारी आधारभूत किमतीने सरकारने घेऊन तालुक्याच्याच रेशन दुकानांत द्यावी.