रा. रा.

परवा लग्नपत्रिकांवर नावं घालताना मी सवयीने ‘रा. रा.’ लिहिलं. नातवाने विचारलं, "आजोबा, हे काय?"

राजमान्य राजश्री. म्हणजे राजदरबारी ज्याला मान आहे असा. पेशवाईतल्या पत्रांत हा मायना सर्रास दिसतो. पुढे टपालाबरोबर तो साध्यासुध्या माणसांच्या दारीही आला.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. तिथे त्यांना मुकादमापासून सगळे अरे-तुरे करायचे. पण गावाहून काकांचं कार्ड आलं की लालबागच्या आमच्या चाळीत पोस्टमन पत्ता मोठ्याने वाचायचा, "रा. रा...." आणि वडील सदऱ्याची बटणं लावून पुढे व्हायचे.

राजे गेले. १९८२च्या संपानंतर हळूहळू गिरण्याही गेल्या. आता सगळेच ‘श्री.’ झालेत. सुटसुटीत आहे, मान्य. पण गिरणी कामगाराला राजमान्य म्हणणारी ती दोन अक्षरं मी तरी सोडणार नाही.

तुमच्याकडे अजून कुणी लिहितं का?