'वऱ्हाड' नीट उमटत नाही, आणि तक्रार कोणी करत नाही

पोस्ट थोडी लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात अकोल्याहून अमरावतीला येत होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एका शेतकरी मेळाव्याचं भलंमोठं बॅनर. हातहातभर अक्षरं. आणि त्यावर काय? "शेतकर्यांच्या न्याय्य हक्कांसाठी". अर्धा 'र' गायब, त्याच्या जागी 'या'च्या डोक्यावर रफार. वीस वर्षं डीटीपी करतो मी, डोळ्यात खुपतंच. ओळखीच्या एका ऑपरेटरला फोटो पाठवला, विचारलं हे काहून असं? तो म्हणाला, "जाऊ द्या नं भाऊ, समजते लोकायले."

समजते, खरं आहे. पण ज्या भागात सगळं राजकारण 'शेतकऱ्याच्या' नावानं चालतं, तिथं तो शब्दच आपल्याला धड उमटवता येत नाही. आणि 'वऱ्हाड'? आपल्या भागाचं नाव. तेही कित्येक निमंत्रणपत्रिकांवर, पाट्यांवर 'वर्हाड' असं रफार घेऊन फिरतं. तिवसा तालुक्यातलं कुऱ्हा घ्या, 'अधिकाऱ्यांना' दिलेलं निवेदन घ्या, तेच रडगाणं. आचार्यास दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यास मजुरी, एवढा फरक या एका अर्ध्या 'र'नं पडतो.

आता हे होतं कसं? हिंदीला या अर्ध्या 'र'ची गरज पडत नाही. तिथं 'र'ला हलन्त दिला की पुढच्या अक्षरावर रफार, विषय संपला. आपल्याला दोन्ही लागतात. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे, पण दोन रीतींनी. एक म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यायचा आणि त्याला हलन्त द्यायचा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून 'र'ची कळ, मग हलन्त. दुसरी रीत म्हणजे साधा 'र', हलन्त, आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द.

इथं गंमत संपते. समजा एखाद्या यादीत वऱ्हाडे आडनाव एका ऑपरेटरनं पहिल्या रीतीनं टाइप केलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये शोधलं तर एक वऱ्हाडे सापडतात, दुसरे "नाव नाही" ऐकून घरी जातात. यादी अनुदानाची असली तर तो माणूस तालुक्याच्या ठिकाणी किती खेपा घालेल, तुम्हीच सांगा. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलतानाही हे अर्धे 'र' मरतात. तो आणखी वेगळा तमाशा.

आता माझा मुद्दा. हे दुरुस्त कोण करणार? आपण म्हणतो 'कंपनी' करेल. कोणती कंपनी? क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस, या सगळ्यांत अक्षरं जोडण्याचं काम हार्फबझ नावाचं एक सॉफ्टवेअर करतं. ते खुलं आहे. कोणीही त्याचा कोड वाचू शकतो, चूक दाखवू शकतो, दुरुस्ती पाठवू शकतो. लोहितसारखे देवनागरी फॉन्ट खुले आहेत, पुण्यात रेड हॅटमधल्या मंडळींनी ते वर्षानुवर्षं सांभाळले. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमधली मराठी स्वयंसेवकांनी वाक्य-वाक्य बसून केली. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून हे सांभाळणाऱ्या माणसाला 'शेतकर्यांच्या' चुकीचं दिसतंय हे कळावं कसं? त्याला मराठी येत नाही. ते सांगणं आपलं काम आहे, आणि आपण सांगत नाही.

ज्यांना गरज वाटली त्यांनी काय केलं ते पाहा. स्क्रायबस हे पानं लावायचं मोफत सॉफ्टवेअर. त्यात अनेक वर्षं ना अरबी नीट जुळायची, ना देवनागरी. ओमानमधल्या काही लोकांना अरबीसाठी ते हवं होतं. रडत बसले नाहीत, त्यांनी पुढाकार घेऊन ते काम केलं आणि २०१७ मध्ये १.५.३ आवृत्तीत ते आलं. अरबीसाठी खणलेल्या विहिरीचं पाणी आपल्या देवनागरीलाही मिळालं. आपल्याला पत्ताही नाही.

केरळात २००२ पासून 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' नावाची मंडळी काम करताहेत. त्यांनी फॉन्ट केले, भाषांतरं केली. मलयाळमच्या चिल्लू अक्षरांवरून त्यांचं युनिकोडवाल्यांशी कडाक्याचं भांडण झालं. २००८ च्या ५.१ आवृत्तीत जे ठरलं ते सगळ्यांना पटलं असंही नाही. पण भांडण जिथं करायचं तिथं केलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. तिथल्या सरकारी शाळांत पोरं लिनक्सवर शिकतात. आणि आपण? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपणही फटाके फोडले, अभिनंदनाचे बॅनर लावले. त्यातल्या काहींवर अर्धा 'र' फुटलेला होता.

माझंच सांगतो, दुसऱ्याला बोलण्याआधी. काही वर्षांपूर्वी अशाच एका मोफत सॉफ्टवेअरच्या तक्रारपेटीत मी रागानं लिहिलं की तुमचं मराठी भंगार आहे, लगेच दुरुस्त करा, काम अर्जंट आहे. दोन दिवसांत एका अनोळखी माणसानं अगदी सभ्यपणे विचारलं: कोणती आवृत्ती, कोणता फॉन्ट, नमुन्याची फाईल देता का? मी उत्तर दिलं नाही. काम तोवर दुसरीकडून निघालं होतं. काही महिन्यांनी तक्रार "माहिती अपुरी" म्हणून बंद झाली. त्या माणसाला माझा एक रुपया मिळणार नव्हता, तरी त्यानं विचारलं. मला पाच मिनिटं जड झाली.

फुकट म्हटलं की आपली हीच वृत्ती. लायनीत उभं राहायचं, नाही मिळालं की ओरडायचं. या ओरडण्याची किंमत कधीकधी फार मोठी असते. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या छोट्याशा खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. ते सांभाळणारा माणूस एकटा, थकलेला. "लवकर करा, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या" असा तगादा त्याच्यामागे लावला गेला, आणि मदतनीस बनून आलेल्याच एकानं हळूहळू ताबा मिळवला. वेळेत सापडलं म्हणून जगभरचे सर्व्हर वाचले.

"कंपन्या यावर करोडो कमावतात, मी काहून फुकट राबू?" हा प्रश्न खोटा नाही. कमावतात, आणि त्यांनी जास्त द्यायला हवं. पण कंपनीला 'वऱ्हाड'ची पडलेली नाही, ती पडायची तर आपल्यालाच. २०१६ मध्ये पहिल्या वॉटर कपला वरुड तालुक्यातली माणसं उन्हात चर खणायला उतरली, तेव्हा कोणी म्हटलं का की पाणी शेजारच्या वावरात मुरलं तर माझा काय फायदा? इंग्रजीची अडचण म्हणाल तर चार मोडकी वाक्यं आणि दोन फोटो पुरतात. तिथं कोणी व्याकरण तपासत नाही.

राग खरा येतो तो इंजिनिअरिंग कॉलेजांवर. अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव, दरवर्षी किती पोरं बाहेर पडतात! शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बहुतेकांचा कुठून येतो हे मी सांगायला नको; बाइंडिंग आमच्याकडेच होतं, नावं तेवढी बदलतात. त्यातल्या दहा पोरांनी विकत आणलेल्या 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम'ऐवजी अर्ध्या 'र'चा एक कन्व्हर्टर नीट केला असता तर? गाईडसर, तुम्हीही वाचत असाल तर एवढं पाहा.

मी नमुने गोळा करायला सुरुवात केली आहे. तुमच्याकडे 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' फुटलेला दिसला की कमेंटमध्ये फोटो टाका. सोबत लिहा: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणता फॉन्ट, कोणत्या कीबोर्डनं टाइप केलं, आणि शब्द खरा कसा दिसायला हवा. एका फोटोत एकच चूक. ग्राहकाचं नाव, फोन नंबर झाकून टाका. तक्रार आधीच कोणी केली आहे का ते मी पाहतो. केलेली असेल तर त्यातच आपला नमुना जोडू, नसेल तर नवी टाकू. आणि पलीकडून कोणी काही विचारलं तर या वेळी उत्तर देऊ. फॉन्टमधलं कळणारी दोन-तीन पोरं हवी आहेत, अकोल्याची असली तरी चालेल. नुसतं "छान पोस्ट दादा" लिहू नका.