बोळाच्या टोकाशी घोषणा

ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर ‘पी.टी.’ नावाचा छोटासा भयखेळ फुकट आला. निर्माता कोण, तर कुणी कधी न ऐकलेला ‘७७८०एस स्टुडिओ’. घरातला काटकोनात वळणारा एकच बोळ. दार उघडलं की पुन्हा तोच, पण दर फेरीला काहीतरी बदललेलं. कोडं सुटायला आठवडा तरी लागेल, असा खेळाचे खरे निर्माते हिदेओ कोजिमा यांचा अंदाज होता. खेळाडूंनी एकमेकांना धागेदोरे पुरवत ते काही तासांतच सोडवलं आणि पडद्यावर खरी घोषणा उमटली: ‘सायलेंट हिल्स’ हा नवा भयखेळ येणार. गिऱ्हाइकाच्या बुद्धीवर इतका विश्वास टाकणारी जाहिरात विरळाच. पण २०१५ मध्ये प्रकाशक कंपनी कोनामीने ‘सायलेंट हिल्स’ रद्द केला, ‘पी.टी.’ही ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. एवढं कुतूहल जागवून खेळाडूंना रिकाम्या हाती पाठवणं चुकलंच.