धबधब्यावरची बंदी

जून महिना सरत आला की कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात. कड्यांवरून धबधबे कोसळू लागतात आणि जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघू लागतात. अमुक धबधब्याखाली उभे राहू नये, तमुक कुंडात उतरू नये, या वाटेने जाऊ नये. पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. वाटेच्या तोंडाशी एक फलक लागतो, शनिवार-रविवारी पोलीस उभे राहतात, आणि तरीही माणसे आडवाटेने वर जातात.

हे आदेश निष्कारण निघतात, असे कोणीही म्हणणार नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पाण्याचा लोंढा अचानक वाढला आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. अशा घटनेनंतर प्रशासनाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, संपूर्ण पावसाळाभर सरसकट घातलेली बंदी दिसते तितकी माणसे वाचवत नाही. उलट ज्यांच्यामुळे माणसे वाचू शकतात, त्यांनाच ती वाटेवरून दूर करते.

दिल्ली, नोएडा किंवा फरिदाबाद येथे राहणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु हजरत निजामुद्दीन स्थानकावरून सुटणारी मंगला एक्सप्रेस दररोज कोकणातून जाते, आणि सुटीत गावी किंवा सहलीला जाणारी कितीतरी कुटुंबे तिच्यात असतात. दिल्लीत वाढलेल्या मुलाने वाहते पाणी पाहिलेले असते ते बहुधा नाल्याचे. नजफगढचा नाला हा मुळात साहिबी नदीचा प्रवाह आहे, हे तरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते! अशा मुलाला कोकणातला पऱ्या पहिल्यांदा दिसतो, तेव्हा तो त्याला खेळण्यासारखा वाटतो. त्यात त्या मुलाचा दोष नाही.

कोकणातले पाणी वेगळे का वागते, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. दिल्लीत वर्षभरात साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकण किनाऱ्यावर तो साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. त्यामुळे येथील नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांतच खाडीत पोहोचतो. किनाऱ्याजवळ जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. उन्हाळ्यात तापलेले हे सडे पावसाळ्यात पाणी धरून ठेवतात आणि त्यांच्या कडेवरून ते खाली, कधी थेट खाडीच्या दिशेने, झेपावते. मुरूडजवळ गारंबीचा धबधबा समुद्रापासून फार दूर नाही. चिपळूणचा सवतसडा तर महामार्गावरूनच दिसतो. देवकुंडाला मात्र भिऱ्याहून जंगलातून चालत जावे लागते. ज्या कुंडलिकेच्या खोऱ्यात ते आहे, ती नदी पुढे रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते.

अशा वाटेवर चालताना धोका डोक्यावरच्या ढगातून येतो असे नवख्याला वाटते. वास्तविक तो न दिसणाऱ्या ढगातून येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि वर माथ्यावर तासभर मुसळधार पाऊस होऊन गेलेला असतो. लोंढा येण्याआधी पाण्याचा रंग गढूळ होतो, काटक्या आणि पाचोळा वाहून येऊ लागतो, आवाज जड होतो. हे बदल घडायला फार वेळ लागत नाही. ओळखणाऱ्याला काठावर येण्यापुरता अवधी मिळतो. न ओळखणारा त्या वेळी छायाचित्र काढत असतो. किनाऱ्याजवळच्या वाटांवर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे भरती. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो, कारण खाडी चढलेली असते आणि ओढ्याचे पाणी तुंबलेले असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणात तर हे हमखास घडते. त्या गावातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही हे ठाऊक असते. फलकावर मात्र ते लिहिलेले नसते. फलकावर असते ते ‘प्रवेश निषिद्ध’.

बंदी पाळणे कोकणाला ठाऊक नाही असे नाही. पावसाळा लागला की कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, शाकारतात, जाळी दुरुस्त करायला काढतात. श्रावणी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावरच होडी पुन्हा पाण्यात लोटायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. यांत्रिक नौकांसाठी सरकारनेही पावसाळी मासेमारी बंदीचा नियम केला आहे, आणि तो मोडणारेही आहेत. पण किनाऱ्यावरचा सामान्य कोळी ही बंदी आपली मानतो. का मानतो? खवळलेला दर्या काय करतो हे त्याने पाहिले आहे, आणि मासळीच्या विणीचा हंगाम सांभाळला नाही तर पुढे आपल्याच जाळ्यात काही येणार नाही, हेही तो जाणतो. शिवाय ही बंदी कधी संपणार ते त्याला माहीत असते. कारण ठाऊक असलेली आणि मुदत ठरलेली बंदी माणसे पाळतात. धबधब्याच्या मनाई आदेशात बहुधा कारण एका ओळीत असते आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत जाते.

याचा परिणाम काय होतो, तो पाहा. धबधब्याच्या पायथ्याच्या गावांत पावसाळ्याचे दोन-तीन महिने जेवण करून देणे, गाड्या लावायला जागा देणे, वाट दाखवणे यांवर काही घरे चालतात. बंदी लागली की वाटाड्या घरी बसतो, कारण सापडला तर गुन्हा त्याच्यावर दाखल होण्याची भीती असते. शहरातून आलेला जमाव मात्र पहाटेच, पोलीस येण्यापूर्वी, एकटाच वर जातो. म्हणजे वाटेवर जाणकार उरत नाही; अनभिज्ञ तेवढे उरतात.

गोव्यातील दूधसागराकडे पाहिले तर दोन्ही रीती एकाच ठिकाणी दिसतात. मांडवी नदीवरचा हा ३१० मीटर उंचीचा धबधबा भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात आहे आणि त्याच्या मधोमध रेल्वेचा पूल आहे. जुलै २०२३ मध्ये बंदी असताना रुळांवरून चालत आलेल्या शेकडो तरुणांना रेल्वे सुरक्षा दलाने उठाबशा काढायला लावल्या. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली, लोक हसले, आणि पुढच्या पावसाळ्यातही लोक गेलेच. याउलट पावसाळा ओसरल्यावर कुळे गावातील जीपवाले पर्यटकांना ठरावीक संख्येने, जीवरक्षक जाकीट घालायला लावून, तेथे नेतात आणि परत आणतात. यातही गर्दी, भाव, प्लास्टिक अशा तक्रारी आहेतच. पण पाण्याजवळ उभा असलेला माणूस त्या गावचा असतो, आणि तो ‘आता बाहेर या’ म्हणाला तर ऐकले जाते.

सर्व पाण्यांना एकच न्याय लावा असे मी म्हणत नाही. दिल्लीच्या दक्षिणेला, फरिदाबादच्या बाजूला, अरवलीत बंद पडलेल्या खाणींत निळी तळी साचली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००९ साली या भागातील खाणकामावर निर्बंध घातले. खड्डे राहिले आणि त्यांत पाणी आले. उन्हाळ्यात तेथे पोहायला जाऊन कितीतरी तरुण बुडाले आहेत. तेथे कायमची बंदी आणि कुंपणच हवे. ते पाणी यंत्रांनी खणलेल्या खड्ड्यातले आहे. त्याचा काठ एकदम खोल जातो, आणि त्याला ओळखणारे गाव नाही. धबधब्याला असे गाव असते. फरक आहे तो इथे.

म्हणून मला वाटते, बंदी दिवसाची असावी, हंगामाची नव्हे. हवामान विभागाने लाल किंवा नारिंगी इशारा दिला की त्या दिवशी वाट बंद; इतर दिवशी ठरावीक वेळेत, ठरावीक संख्येने, गावच्या वाटाड्यासह खुली. वाटाड्यांना प्रथमोपचार आणि दोराचे प्रशिक्षण द्यावे, प्रवेशशुल्क ग्रामपंचायतीकडे जावे, आणि फलकावर मराठीत व हिंदीत पाणी कसे वाढते ते चित्रासह लिहावे. यावर अधिकारी विचारतात: वाट खुली ठेवली आणि अपघात झाला, तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. आज आदेश काढला की कागदावरची जबाबदारी संपते. उद्या ती ग्रामपंचायत, वनविभाग आणि वाटाड्या यांच्यात वाटावी लागेल, तिच्यासाठी विमा उतरवावा लागेल, नियम करावे लागतील. हे काम किचकट आहे आणि ते पावसाळ्यात करता येणार नाही. त्यासाठी जानेवारी ते मे हे महिने आहेत. त्या वेळी धबधबे आटलेले असतात आणि कुंडाचा तळ उघडा दिसतो.