ताल गिरणगावाचा, मालकी कोणाची?

नेदरलँड्समधील 'स्पिनिन रेकॉर्ड्स' या कंपनीने २०२४ मध्ये 'तांबडी चामडी' हे मराठी गाणे प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी माणसाला झालेला आनंद स्वाभाविक होता. त्या आनंदात एक बारीक गोष्ट मात्र नजरेतून निसटली. गाण्यावर दोन नावे होती, क्रेटेक्स आणि श्रेयस. पहिले नाव संगीत रचणाऱ्याचे, दुसरे शब्द म्हणणाऱ्याचे. हे गाणे हाऊस या नृत्यसंगीताच्या प्रकारातले, आणि त्या प्रकारात संगीत रचणाराच मुख्य कलावंत मानला जातो. शेजारच्याच हिप-हॉपच्या दुनियेत नेमके उलटे आहे. तेथे ताल आणि सुरावटीचा सांगाडा, म्हणजे बीट, बांधणाऱ्याला 'प्रोड्युसर' म्हणतात. त्याचे नाव यूट्यूबवरील चित्रफितीखाली अखेरच्या ओळीत लागते. पुष्कळदा तेही लागत नाही.

मुंबईच्या हिप-हॉपची कथा २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटाने घरोघरी पोहोचवली. अंधेरीचा डिव्हाइन, कुर्ल्याचा नेझी आणि धारावीतील मुलांचे गट ही नावे त्यामुळे हिप-हॉप न ऐकणाऱ्यांच्याही कानावर गेली. ज्या 'मेरे गली में' या २०१५ मधील गाण्यावर ही कथा उभी राहिली, त्याची बीट दिल्लीच्या सेझ या तरुणाने बांधली होती, हे मात्र चित्रपट पाहून शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? या नकाशात गिरगाव, दादर, परळ, लालबाग ही नावे फारशी येत नाहीत. रॅपर म्हणून ती कमी दिसत असतील, पण तालाच्या बाबतीत या भागाने कोणाकडून काही शिकण्याची गरज नव्हती. बेंजो पथकात ऑक्टोपॅडवर बोटे आणि काठ्या चालवणारी मुले येथे गल्लोगल्ली तयार होतात. त्यांतलीच काही आज लॅपटॉपवर बीट बांधू लागली आहेत.

साधनांची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. गिरगावातून चालत दहा-पंधरा मिनिटांवर लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक बाजार आहे. धोबी तलावाला १८६५ पासून चालत आलेले फुर्ताडोचे वाद्यांचे दुकान आहे. एक बरा लॅपटॉप, एक साउंड कार्ड, एक माइक आणि एफएल स्टुडिओसारखी प्रणाली एवढ्यावर काम सुरू होते. अडचण असते ती जागेची. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तेथे ध्वनिमुद्रण म्हणजे खिडकीला गोधडी, पंखा बंद आणि शेजारच्या घरातील मालिका संपेपर्यंत प्रतीक्षा. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळणार असल्याने ही गोधडी कदाचित निघेल. गिरण्यांच्या जागेवर मोठे स्टुडिओ आणि संगीताचे क्लब आले खरे. लोअर परळच्या मथुरादास मिलमधील 'ब्ल्यू फ्रॉग' २००७ ते २०१६ या काळात देशभर नावाजला गेला. पण त्याच्या दारातून आत जाण्याची ऐपत आसपासच्या चाळींतील किती मुलांची होती, हा प्रश्न त्या काळीही कोणी फारसा विचारला नाही.

मग हा मुलगा जगतो कशावर? मंडळाच्या आगमन सोहळ्याचे गाणे, बेंजो पथकासाठी तयार ट्रॅक, निवडणुकीच्या हंगामात उमेदवाराचे प्रचारगीत, एखाद्या 'साहेबां'च्या वाढदिवसाचे गाणे, लग्नातील रीमिक्स. पैसे रोख मिळतात, कधी वर शाल-श्रीफळ. ज्या कामासाठी तो या क्षेत्रात आला, ते रॅपरसाठी बीट बांधण्याचे काम, बहुधा दोस्तीखात्यात जाते. गाणे चालले तर बघू, असे ठरते. गाणे चालत नाही तोवर सारे ठीक असते. ते चालले की खरी गोष्ट सुरू होते.

या गोष्टीच्या मुळाशी एका शब्दाचा घोटाळा आहे. अमेरिकी हिप-हॉपमध्ये प्रोड्युसर म्हणजे संगीत रचणारा. भारतीय कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा प्रोड्युसर म्हणजे ते मुद्रण घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. व्यवहारात बहुधा पैसा घालणारा. चित्रपटसृष्टीच्या शहरात हाच दुसरा अर्थ रुळलेला आहे. त्यामुळे बीट बांधणारा मुलगा स्वतःला अभिमानाने प्रोड्युसर म्हणवतो आणि करारात ते पद कंपनीकडे असते. कायद्याच्या दृष्टीने तो संगीतकार आहे, म्हणजे संगीतरचनेचा कर्ता. हे एकदा लक्षात घेतले की पुढची बरीचशी वाट स्पष्ट होते. गंमत अशी की, १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी कायद्याची संगीताची व्याख्या सुरावट किंवा स्वरमेळ आणि तोही लिहिलेला वा छापलेला, एवढीच होती. लालबागचा निव्वळ ताल त्या व्याख्येत कोठे बसवावा, हा वकिलांनाही कोडे घालणारा प्रश्न ठरला असता. आजची व्याख्या त्याला सामावून घेते.

२०१२ ची दुरुस्ती चित्रपटातील गीतकार-संगीतकारांसाठी झाली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. कलम १८ मध्ये त्याच वेळी आणखी एक तरतूद आली. चित्रपटाचा भाग नसलेल्या ध्वनिमुद्रणात ज्याची रचना आहे, त्या कर्त्याला रॉयल्टीतील समान वाटा सोडून देता येत नाही; तो वारसांना किंवा नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. स्वतंत्र हिप-हॉप गाणे नेमके याच वर्गात मोडते. कलम १९ आणखी पुढे जाते. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच मानला जातो. एवढे संरक्षण असताना या मुलांपुढे जे छापील कागद येतात, त्यांत 'कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत' असे शब्द असतात आणि बदल्यात एकरकमी आकडा. मालकी अशी देता येते, कायदा तिला आडवा येत नाही. रॉयल्टीचा वाटा मात्र त्या कागदाने जात नाही. सही करणाऱ्याला आणि कित्येकदा करून घेणाऱ्यालाही याची कल्पना नसते.

कल्पना असूनही पैसे आपोआप येत नाहीत. 'आयपीआरएस' ही संगीतकार-गीतकारांची संस्था १९६९ पासूनची. कॉपीराइट संस्था म्हणून तिची फेरनोंदणी २०१७ मध्ये झाली. तिच्याकडून रॉयल्टी हवी तर सभासद व्हावे लागते आणि प्रत्येक गाणे, त्यातील प्रत्येकाच्या हिश्शासह, नोंदवावे लागते. येथेच बहुतेक गाडी अडते. गाणे समाजमाध्यमांवर आणि ऐकण्याच्या ॲपवर चढवणारा असतो रॅपर. खाते त्याचे, बँक त्याची. अर्ज भरताना संगीतकाराच्या रकान्यातही तो सहज स्वतःचेच नाव लिहितो. त्यामागे दरवेळी लबाडीच असते असे नव्हे. त्या रकान्याचा अर्थच त्याला माहीत नसतो. अमेरिकेत बीट बांधणाऱ्याला आगाऊ रक्कम, विक्रीतील काही टक्के आणि रचनेच्या हक्कात मोठा हिस्सा असा प्रघात पडला आहे. हिस्सेवाटणीचा एक पानी कागद स्टुडिओतून बाहेर पडण्यापूर्वीच भरला जातो. आपल्याकडे तो कागद काढणे म्हणजे मित्रावर अविश्वास दाखवणे, असे समजतात.

दूरच्या एका उदाहरणाने हे अधिक उलगडेल. नेदरलँड्समधील यंगकिओ या तरुणाने इंटरनेटवरील बाजारात ठेवलेली एक बीट लिल नॅस एक्स या तेव्हा अपरिचित गायकाने ३० डॉलरला घेतली. तीवर झालेले 'ओल्ड टाउन रोड' २०१९ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९ आठवडे पहिल्या स्थानावर राहिले. यंगकिओचे नाव श्रेयनामावलीत राहिले. शिवाय त्याने ज्यांच्या मुद्रणातील तुकडा वापरला होता, त्या नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नर व ॲटिकस रॉस यांचेही आले. ३० डॉलरच्या व्यवहारातही नावे आणि हिस्से शाबूत राहू शकतात, ते असे.

जुन्या मुद्रणाचा तुकडा उचलून त्यावर नवे बांधणे, म्हणजे सँपलिंग, हा तर हिप-हॉपचा प्राणच. परळ-लालबागच्या मुलाला त्यासाठी कोठे दूर जावे लागत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांच्या आवाजाने गिरणगाव पेटले, ते अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे हा त्याचा खरा वारसा. दोघांचेही निधन १९६९ मध्ये झाले. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, म्हणून त्यांच्या रचना २०२९ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. मुद्रण ही पुन्हा निराळी मालमत्ता. तिचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे. म्हणजे एका कडव्यासाठी दोन दारे ठोठवावी लागतात, वारसांचे आणि ध्वनिमुद्रिका कंपनीचे. डिव्हाइनने २०२२ मध्ये 'बाझीगर'च्या गाजलेल्या सुरावटीवर नवे गाणे केले. त्याच्यासारख्या प्रस्थापित कलावंतामागे असे व्यवहार करणारी माणसे असतात. एकट्या मुलामागे कोणी नसते. तो न विचारता तुकडा वापरतो, यूट्यूबची यंत्रणा तो ओळखते आणि गाण्याचे उत्पन्न मूळ मालकाकडे वळते. शाहिरांचा वारसा जपावा असे व्यासपीठावरून सांगितले जाते. तो वापरण्याची परवानगी कोणाकडे आणि किती दराने मागायची, हे मात्र कोणी सांगत नाही.

गणेशोत्सवाची गोष्ट याहून विलक्षण. या मुलांच्या संगीताला वर्षात सर्वाधिक कान मिळतात ते याच दिवसांत. चिंचपोकळी-लालबागच्या आगमन सोहळ्यात एक ताल जेवढे लोक ऐकतात, तेवढे वर्षभरात ॲपवर ऐकत नसतील. आणि कायद्याच्या कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजणाऱ्या संगीताला शुल्क लागत नाही. ही सवलत योग्यच आहे. मंडळांकडून ताशाच्या प्रत्येक ठोक्याचे पैसे मागणारा कायदा या शहरात एक दिवस टिकणार नाही. पण नंतर प्रायोजकांच्या नावांसह यूट्यूबवर चढवलेली चित्रफीत हा समारंभ नव्हे. ती या सवलतीत आपोआप बसते, असे गृहीत धरता येत नाही.

ॲपवरच्या उत्पन्नावर फार विसंबावे अशी स्थितीही नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून वर्षाला किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टी देणे थांबवले. नव्या मराठी रॅपमधील पुष्कळशी गाणी या उंबरठ्याच्या अलीकडेच राहण्याची शक्यता अधिक. उरतो मंचावरचा कार्यक्रम, आणि तेथे मानधन रॅपरचे. पुण्याच्या एमसी स्टॅनप्रमाणे शब्द आणि संगीत दोन्ही हाताशी असलेल्यांचे निभावते. केवळ संगीत बांधणाऱ्याला क्रेटेक्ससारखे स्वतःच्या नावाने उभे राहावे लागते किंवा कागदाची भाषा शिकावी लागते.

कॅसेटच्या काळात याच वस्त्यांतील कोळीगीते, भीमगीते, लोकगीते गाणाऱ्यांना बहुधा एकरकमी बिदागी मिळे आणि मास्टर टेप कंपनीच्या कपाटात जाई. टेपच्या जागी आता हार्ड डिस्क आली आहे, आणि ती मुलाच्याच घरात आहे. गाण्याचे सुटे भाग हिस्सा लिहून झाल्याखेरीज कोणाला द्यायचे नाहीत, एवढी सवय काही जणांनी लावून घेतली तरी सौद्याचे पारडे हलते.

मंडळांच्या आणि उमेदवारांच्या गाण्यांचे व्यवहार अजून तोंडीच होतात. फोन, थोडी घासाघीस, रोख रक्कम. लेखी नसलेले हस्तांतरण कायद्याला मान्य नाही. म्हणजे या भागात दरवर्षी वाजणाऱ्या शेकडो चालींची मालकी, पैसे चुकते झाले असले तरी, आजही त्या रचणाऱ्या मुलांकडेच असण्याची शक्यता आहे. मंडळाच्या कार्यालयात हे कोणाला ठाऊक नाही आणि गोधडी लावलेल्या खोलीतही नाही.