चिप आपली, पण तिच्यावर चालणार काय?

देशात संगणकाची चिप तयार झाल्याची वार्ता आली की ऊर भरून येतो, तो यावाही. मद्रास आयआयटीची ‘शक्ती’ आणि सी-डॅकची ‘वेगा’ ही प्रोसेसरची कुळे उभी करणे हे सामान्य कार्य नव्हे. परंतु चिप हा केवळ देह. तिला चालते-बोलते करते ती ऑपरेटिंग सिस्टीम, आणि एका यंत्रावरची ही प्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेणे किती जिकिरीचे असते, हे उत्सवी बातम्यांतून कळत नाही.

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ साली ‘युनिक्स’ जन्मली ती पीडीपी-७ या एकाच यंत्राच्या असेंब्ली भाषेत. १९७३ मध्ये ती ‘सी’ भाषेत नव्याने लिहिली गेली, तेव्हा कुठे तिच्या स्थलांतराची वाट मोकळी झाली. तरीही पुढे ती इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेताना अडचणी उभ्या राहिल्याच. संख्येतील बाइट स्मृतीत कोणत्या क्रमाने ठेवायचे, याबाबत दोन्ही यंत्रांची रीत परस्परविरुद्ध होती! या खटाटोपात खुद्द ‘सी’ भाषेतही सुधारणा कराव्या लागल्या.

आज प्रोसेसरपुरते काम तुलनेने सुकर झाले आहे. ‘शक्ती’ व ‘वेगा’ ज्या खुल्या रिस्क-५ आज्ञासंचावर उभ्या आहेत, त्याला लिनक्सच्या गाभ्यात २०१८ सालीच स्थान मिळाले. खरी मेख आहे ती भोवतालच्या सरंजामात. पडदा, वायफाय, ग्राफिक्स अशा प्रत्येक घटकाला स्वतंत्र ड्रायव्हर हवा, आणि त्यांची अंतर्गत माहिती कंपन्या सहसा कुलूपबंद ठेवतात. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच्या एम-१ चिपचे संगणक आणले. त्यांवर लिनक्स नेऊ पाहणाऱ्या ‘असाही’ प्रकल्पाच्या स्वयंसेवकांना यंत्राचे वर्तन न्याहाळत एकेक गुपित उकलावे लागले. बिचाऱ्यांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडीच!

एवढे करूनही हे काम एकदाच करून भागत नाही. केलेले बदल लिनक्सच्या मूळ प्रवाहात स्वीकारले गेले नाहीत, तर प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तीच उस्तवार पुन्हा करावी लागते. म्हणून चिपच्या आराखड्यासाठी निधी देताना ड्रायव्हर लिहिणाऱ्या आणि वर्षानुवर्षे ते सांभाळणाऱ्या अभियंत्यांच्या वेतनाची तरतूदही त्याच प्रस्तावात असावी. शासकीय खरेदीच्या निविदेतही एक अट घालता येईल: ज्या यंत्राची तांत्रिक माहिती खुली नाही, ते यंत्र विचारात घेतले जाणार नाही.