बोटीचें आरक्षण : एजंटामार्फत कीं स्वतः?

भंडारा जिल्हा तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वैनगंगेचें पात्र आणि पवनी तालुक्यांतील गोसीखुर्दचें विस्तीर्ण धरण येथील माणसांच्या नित्य पाहण्यांतलें आहे. मुंबईचा समुद्र मात्र रेल्वेनें सुमारें नऊशें किलोमीटर दूर. असें असूनही आजी-आजोबांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सर्व घरानें मिळून बोटीवर चार दिवस काढावे, असे बेत आतां इकडील कुटुंबांतही होऊं लागले आहेत. २०१८ च्या ऑक्टोबरांत मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, आणि २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून सुटूं लागली. तेव्हांपासून क्रूझ हा शब्द घरोघरीं परिचयाचा झाला. बेत ठरला कीं पहिला वाद उपस्थित होतो तो हा : तिकिटें एजंटाकडून घ्यावीं कीं घरबसल्या आपणच काढावीं? तरुण मंडळी म्हणतात, "मध्यस्थाला पैसे कशाला?" वडीलधारी म्हणतात, "उद्यां अडचण आली तर विचारावयाचें कोणाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचा विचार येथें करूं.

मध्यस्थ ही वस्तु आपल्या घराण्यांस नवीन नाहीं. काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्याय हे आपल्या पूर्वजांचे एजंटच होते. उतरण्याची जागा, विधीची तयारी, परतीची वाट, सर्व कांहीं ते पाहत. आणि त्यांच्या वह्यांत घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचीं नांवें लिहिलेलीं असत. आज आलेल्या यजमानाचा नातू उद्यां येणार, हें त्यांस ठाऊक असे. त्यांच्या मागण्यांविषयीं तक्रारी पूर्वींही होत्या. परंतु पुन्हा तोंड दाखवावयाचें आहे ही जाणीव उभयपक्षीं असे. एजंटाची खरी किंमत या जाणिवेंत आहे, तिकीट काढून देण्यांत नव्हे.

प्रथम पैशाचा प्रश्न घेऊं. एजंटाकडून घेतलेलें तिकीट महागच पडतें, ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं. क्रूझ कंपन्या एजंटास आपल्याकडून कमिशन देतात. त्यामुळें पुष्कळदा प्रवाशास दोहोंकडे भाडें सारखेंच पडतें. एजंट वेगळा सेवाआकार घेत असेल तर तो किती, हें आधींच विचारून कागदावर लिहून घ्यावें. जाहिरातींतील आंकड्यास भुलूं नये. तो आंकडा बहुधा माणशीं असतो आणि एका केबिनींत दोघे राहणार असें धरून काढलेला असतो. बंदराचा आकार, कर आणि सेवकांची बक्षिशी हीं पुष्कळदा निराळीं असतात. एकट्या माणसास स्वतंत्र केबिन घेतल्यास जवळजवळ दोघांचें भाडें पडूं शकतें. उलट त्याच केबिनींतील तिसऱ्या-चौथ्या माणसास सवलत मिळते. एकत्र कुटुंबांत विधवा आत्या किंवा अविवाहित काका असल्यास या एका नियमानें सारा हिशेब बदलतो.

स्वतः आरक्षण करण्याचा मोठा लाभ असा कीं बोटीचा नकाशा समोर ठेवून केबिन निवडतां येते. आजींस लिफ्टजवळची केबिन हवी. ज्यांस बोट लागते त्यांस मधल्या भागांतील खालच्या मजल्याची बरी, कारण तेथें हेलकावे कमी जाणवतात. शिवाय कांहीं बदल करावयाचा झाल्यास कंपनी आपल्याशीं थेट बोलते. एजंटामार्फत आरक्षण केलें असतां बऱ्याच कंपन्या प्रवाशास पुन्हा एजंटाकडेच पाठवितात. तो त्या दिवशीं सांपडला नाहीं तर सारें अडून बसतें.

परंतु स्वतः करणें म्हणजे फुकट करणें नव्हे. पंधरा माणसांचीं नांवें ओळखपत्राबरहुकूम अक्षरशः जुळविणें, सहा महिन्यांच्या आंतील बालकास आणि गरोदरपणाचे चोवीस आठवडे पूर्ण झालेल्या स्त्रीस बहुतेक कंपन्या बोटीवर घेत नाहींत हें वेळीं पाहणें, कांदा-लसूण न खाणाऱ्यांची सोय विचारणें, सुटण्याचा दिवस जवळ येईल तसतशी रद्द करण्याची कपात वाढत जाते तिची तारीख ध्यानांत ठेवणें, हें सर्व कोणी तरी करावयाचें असतें. घराघरांत हें काम मोबाईल हाताळणाऱ्या एकाच मुलावर किंवा सुनेवर येऊन पडतें. प्रवास सुखाचा झाला तर "सगळें छान झालें" असें म्हणतात. चुकला तर तिचें नांव वर्षभर निघतें. हें ओझें कोणाच्या शिरीं टाकीत आहों, याचा विचार वडील मंडळींनीं आधीं करावा.

भंडाऱ्याहून निघणारांस आणखी एक अडचण आहे. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर दुपारीं विदर्भ एक्सप्रेस धरली तर ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुंबईस पोंचते. गाडी रखडली तर बोट थांबत नाहीं, आणि चुकलेल्या बोटीचे पैसे सहसा परत मिळत नाहींत. म्हणून आरक्षण कोणाकडूनही करा, मुंबईस एक दिवस आधीं पोंचा. रेल्वे, मुक्काम आणि बोट हीं तिन्ही एकाच एजंटानें अंगावर घेतलीं असतील तर चुकामूक झाल्यास जबाबदारी कोणाची, हें त्याच्याकडून आधींच लिहून घ्यावें.

नांवलौकिकावर मात्र विसंबूं नये. टॉमस कुक यांनीं १८४१ मध्यें लेस्टरहून लफबरोपर्यंत रेल्वेची पहिली सहल नेली, आणि त्या कार्यांतून जगप्रसिद्ध पेढी उभी राहिली. तीच ब्रिटिश पेढी २३ सप्टेंबर २०१९ रोजीं कोसळली. परदेशीं अडकलेल्या सुमारें दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना तेथील सरकारला घरीं आणावें लागलें. भारतांतील त्याच नांवाची कंपनी स्वतंत्र असल्यामुळें बचावली. तात्पर्य, पैसे दिल्यावर केवळ एजंटाची पावती घेऊन समाधान मानूं नये. क्रूझ कंपनीचा आरक्षण-क्रमांक मागावा आणि तो कंपनीकडे स्वतः पडताळून पाहावा. इतकें करूनही फसगत झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें तक्रार आपण राहतों त्याच जिल्ह्यांत करतां येते. मुंबईच्या कंपनीविरुद्धही भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं, मात्र मुदत दोन वर्षांची आहे.

आमचें मत थोडक्यांत असें : दोघे-चौघे मुंबईहून गोव्यापर्यंत जाऊन येणार असतील तर त्यांनीं खुशाल स्वतः आरक्षण करावें, त्यांत शिकण्यासारखेंही पुष्कळ आहे. पण आठ-दहांहून अधिक माणसें असतील, किंवा परक्या देशाचें बंदर, व्हिसा आणि विमान हीं मध्यें येत असतील, तर एजंट करावा. आणि तो असा असावा कीं ज्याच्या दारीं भंडाऱ्यांत वा नागपुरांत आपण स्वतः जाऊन उभे राहूं शकूं. शेंदोनशें रुपयांच्या फरकासाठीं जबाबदार मनुष्य सोडूं नये. आणि जो जबाबदारी लिहून देण्यास कचरतो, त्याला एक रुपयाही देऊं नये.